कपाटातली शीतल मगदूम

साडीच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या किंचित खाली, धुळीचा एक आडवा पट्टा उमटला होता. वरची कड आखल्यासारखी सरळ, खालची पुसट. शीतल मगदूमने तो हाताने झटकला. गाडीचा बंपर आज पुन्हा तिला टेकला होता.

सांगलीबाहेरच्या त्या वसाहतीत घरी पोचल्यावर ती उतरून फाटक उघडायची आणि गाडी आपली आपण तिच्यामागून आत यायची. पूर्वी फाटक तिचा नवरा, अभिनंदन, उघडायचा. त्याच्यामागे गाडी हातभर अंतर राखून थांबायची. तो वारल्यापासून मात्र ती शीतलमागे नुसती मंदावत होती, थांबत नव्हती.

"गाडी बी ऐकंना व्हय गं तुझं?" शेजारच्या अंगणातून तिच्या थोरल्या जाऊबाई, सुवर्णाक्का, म्हणाल्या. "दादल्याच्या हाताची सवय लागलीया तिला."

कंपनीची मुलं दोनदा येऊन गाडी तपासून गेली होती. तिसऱ्या तक्रारीवर डॉ. ऋजुता लेले स्वतः आल्या. गाड्यांच्या ब्रेकची सध्याची पद्धत तयार करणाऱ्यांपैकी त्या एक.

जुन्या गाड्या कॅमेऱ्याने पाहून आपोआप ब्रेक लावत. पण धुक्यात किंवा पेटवलेल्या उसाच्या धुरात त्यांना माणूस दिसत नसे, आणि उडत्या प्लॅस्टिकच्या पिशवीसाठी मात्र त्या भर रस्त्यात करकचून थांबत. मागची गाडी येऊन आदळे. मालक इतके वैतागले, की कॅमेऱ्याचा अधिकारच कमी केला गेला. शंका आली तर वेग कमी करायचा, एवढंच. पूर्ण थांबायचं ते फक्त खूणमण्यासाठी. हा मणी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. 'अमुक माणूस इथे आहे' असं ते आसपासच्या गाड्यांना सतत सांगत राहतं. पुरुषांनी तो अंगठीत बसवला, बायकांनी मंगळसूत्राच्या वाटीत.

"वाटीतच का?" शीतलने विचारलं.

"आम्हीच सुचवलं होतं. मंगळसूत्र बायका कधी काढत नाहीत, असं आम्ही धरून चाललो." ऋजुताने तिच्या मोकळ्या गळ्यावरून नजर काढून घेतली आणि हातातल्या पडद्याकडे पाहिलं. "तुमचा मणी चालू आहे. आतल्या खोलीत दिसतोय."

"कपाटात ठेवलाय."

"म्हणूनच. गाडीच्या लेखी शीतल मगदूम कपाटापाशी सुखरूप आहे. फाटकाशी जे उभं आहे, ती नुसती शंका."

"तुमच्या चाचण्यांत एकही विधवा नव्हती?"

"नव्हती." ऋजुताचा आवाज खाली आला. "यंदा ज्यांच्यासमोर गाड्या थांबल्या नाहीत, त्यांत मात्र बहुतेक त्याच आहेत."

ऋजुताने बॅग उघडली. "मनगटाचा पट्टा देते. पण एका माणसाला एकच खूण. तो मणी कायमचा बंद करावा लागेल."

"विचार करून सांगते."

"आमच्या मुलांनी पट्टा देऊ केला, तेव्हाही तुम्ही हेच सांगितलंत, ताई. एखाद दिवशी गाडी दुसऱ्याची असेल, आणि वेगात असेल."

ऋजुता गेल्यावर शीतलने कपाट उघडलं. डबीत वाट्या होत्या, काळी पोत होती. कुणालाच ऐकू येणार नाही अशा आवाजात तो मणी अजून तिचं नाव घेत होता. अभिनंदन गेल्यापासून या घरात ते नाव दुसऱ्या कुणी घेतलं नव्हतं. ते बंद करा, असं कुणाला सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. आणि पुन्हा घालावं, तर वसाहतीत एक ना एक जण बोलणारच होतं.

डबी मुठीत धरून ती कुंपणाशी आली. अक्का शेंगा सोलत होत्या.

"काय म्हणाली गं बाई? झाली का गाडी नीट?"

"गाडी नीटच आहे." तिने मूठ उघडली. "अक्का, त्या दिवशी तुम्ही हे माझ्या गळ्यातून काढलंत."

अक्कांचे हात थांबले. "मी काय हौसेनं काढलं व्हय? रीत हाय ती."

"माहितीय मला."

"मग आता हे भाईर कशाला काढलंस?"

शीतलने रस्त्याकडे पाहिलं. कोपऱ्यावरून एक गाडी वळत होती.

"मी हे परत घालणार आहे," ती म्हणाली.