ओमा जीनची शेवटची माफी

क्लॅरिस टॅकेट ऑफिसात आली ती मेलेल्या आईची तक्रार घेऊन. आईने मरताना कुणाला तरी माफ केलं, अशी तक्रार होती.

नॅशव्हिलमध्ये खाजगी तपास करणाऱ्या अर्लीन गॅडिसच्या ऑफिसाच्या खाली चिकन तळण्याचं दुकान आहे. वर येणाऱ्या प्रत्येक अशिलाच्या दुःखाला त्यामुळे थोडा तेलाचा वास असतो. अर्लीनबाई अठ्ठावन्न वर्षांच्या, बारीक, चष्मेवाल्या, कोर्टात अर्धं आयुष्य लोकांचं खोटं टाइप करण्यात घालवलेल्या. त्यांचा मदतनीस डब क्रॅबट्री पूर्वी बँडमध्ये बास वाजवायचा. तो सावकाश चालतो आणि त्याहून सावकाश विचार करतो. काम नसलं की ऑफिसच्या जुन्या फ्रिजच्या घरघरीबरोबर सूर लावून बसतो. त्याचं म्हणणं असं, की या देशात कुठल्याही गावात जा, विजेची घरघर त्याच सुरात येते, त्यामुळे माणसाला कधी परकं वाटत नाही.

क्लॅरिस नर्स होती. तिची आई म्हणजे ओमा जीन टॅकेट. केंटकीच्या कोळशाच्या खोऱ्यातली पोर, सोळाव्या वर्षी गावच्या रेडिओवर गायली, विसाव्या वर्षी गाण्याच्या धंद्यासाठी नॅशव्हिलला आली आणि हॉइट बर्डीन नावाच्या मॅनेजरशी लग्न करून बसली. तिची पहिली सगळी गाणी गाजली आणि त्या सगळ्यांवर तिच्याबरोबर हॉइटचं नाव लागलं. या धंद्यातली रीतच तशी आहे. गाणं होत असताना जो खोलीत असेल तो गीतकार. खोलीचं भाडं हॉइट भरायचा, म्हणून तो कायमच खोलीत धरला जाई. तो हात उगारायचा हे साऱ्या गावाला माहीत होतं आणि सारं गाव त्याच्या पार्टीला जात होतं. शेवटी ती पोरीला घेऊन माहेरी पाइन ब्रँचला गेली. पुढची तीस वर्षं स्वयंपाकघरात बसून तिने गाणी लिहिली, ती दुसऱ्यांनी गायली. मार्चमध्ये फुप्फुसाने तिला नेलं.

आणि आता एक टेप निघाली होती. तिचं शेवटचं गाणं, 'चूल अजून गरम आहे.' त्यात ती नवऱ्याला म्हणते, ये घरी, झालं गेलं मी विसरले.

"रविवारी आमच्या कबरस्तानात डेकोरेशन आहे," क्लॅरिस म्हणाली. "सगळे नातेवाईक येतात, कबरी साफ करतात, फुलं लावतात, तिथेच जेवतात. या वर्षी आईच्या दगडावर गाण्याची ओळ कोरलेली असेल. आणि शेजारची जागा हॉइटला मिळेल. त्याने मागितली आहे."

"देणारं कोण?"

"एस्टिलमामा. कबरस्तान तेच बघतात. मामा म्हणतात, ओमानेच माफ केलं तर आपण कोण आडवे येणार. बाई, आईने खरंच माफ केलं असेल तर मी गप्प बसेन. पण मला ते तिच्याकडून कळायला हवं होतं."

हॉइट तिचा बाप लागतो, हे तिने उठता उठता सांगितलं. चप्पल विसरली असावी तशा आवाजात.

तिने फोनवर गाणं लावलं. म्हातारा, घोगरा, खोल आवाज. गिटार साधी. मागे कुठेतरी स्वयंपाकघराची बारीक घरघर. 'स' आणि 'श' जरा ओघळलेले. डब नेहमीप्रमाणे त्या घरघरीबरोबर सूर लावू लागला आणि थांबला.

"हिचा फ्रिजसुद्धा उदास आहे," तो म्हणाला. "आपल्याहून खाली बसलाय."

क्लॅरिसला ते आवडलं नाही. अर्लीनबाईंनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि शेवटची लांब ओळ एका श्वासात आली तेव्हा विचारलं, शेवटी शेवटी आईला श्वास पुरत होता का. क्लॅरिस म्हणाली, जानेवारीपासून नाकात नळी होती, वाढदिवसाचं गाणंसुद्धा ती दोनदा थांबून म्हणाली. बाकी तब्येत खणखणीत होती. मरायच्या आदल्या महिन्यात सोड्याच्या बाटलीचं झाकण दाताने उघडून दाखवलं होतं. बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे, एकही कधी काढला नाही, याचा तिला गाण्यांहून जास्त गर्व होता.

पहिली भेट ब्रॉक लॅसिटरशी. हा रेकॉर्ड कंपनीचा माणूस. वय चाळीस, पायात कधी घोडा न पाहिलेले बूट. त्याने सांगितलं की गाणं ऐकून तो रडला, आणि कितव्या कडव्याला रडला हेही सांगितलं, कारण जाहिरातीत ते येणार होतं.

"तो कवळीचा आवाज ऐकलात?" तो म्हणाला. "स ओघळतो तो? इंजिनिअर म्हणाला साफ करतो. मी म्हटलं खबरदार. तेच तर सोनं आहे."

टेप खरी कशावरून, असं विचारल्यावर तो हसला. शहरातल्या जाणत्या वादकांना ऐकवली होती. ओमा जीनचा आवाज वयानुसार खाली गेला, तशी तिने गिटारही एक सूर उतरवून लावायला सुरुवात केली होती, हे आतल्या लोकांनाच माहीत. टेपवरची गिटार बरोबर तेवढीच उतरलेली होती. ते ऐकल्यावर कुणी शंका काढली नाही.

हॉइट बर्डीन त्याच्या मोठ्या घरात भेटला. पांढरी हॅट, भाजलेला रंग, चिनी मातीचे दात. तीस वर्षांत ओमाला भेटलो नाही, असं तो म्हणाला आणि डोळे पुसले. रुमाल इस्त्रीचा होता. तिच्या आठवणी सांगताना म्हणाला, गिटारच्या बाबतीत फार हट्टी, जन्मात कधी सूर उतरवून लावली नाही, घसा फाटला तरी चालेल. लग्नाविषयी म्हणाला, दोघंही तरुण होतो. मारण्याविषयी म्हणाला, देवाशी माझं बोलणं झालं आहे.

"देव काय म्हणाला?" डबने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

हॉइटने त्यांना दारापर्यंत सोडलं.

तिसरा क्लीव्ह रेनी. ओमाच्या बँडमध्ये पहिल्यापासून स्टील गिटार वाजवणारा, गालफडं बसलेला, अंत्ययात्रेत सगळ्यात जास्त रडलेला. टेप यानेच कंपनीला दिली होती. त्याचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, चालूच होता आणि घरघरत होता. डबने सवयीने सूर लावला आणि हा आपल्या फ्रिजचाच, असं म्हणत मान हलवली.

क्लीव्हने सगळं रंगवून सांगितलं. जानेवारी, पाइन ब्रँच, ओमाचं स्वयंपाकघर, क्लॅरिस ड्युटीवर. ओमा म्हणाली, क्लीव्ह, डोक्यात एक गाणं घोळतंय. त्याने दोन शब्द सुचवले. नळी तिने गाण्यापुरती काढली आणि देवाने त्या दिवशी तिला श्वास दिला.

"तुम्ही स्वतः तिथे होतात?" अर्लीनबाईंनी विचारलं.

"बाई, मी तिच्यासमोर बसलो होतो. बटण मी दाबलं. टेप दुसऱ्या कुणाच्या हातात गेलीच नाही. म्हणून तर गाण्यावर माझं नाव आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

शुक्रवारी अर्लीनबाई आणि डब पाइन ब्रँचला गेले. एस्टिलमामा कबरस्तानात गवत कापत होते. ओमाच्या नव्या दगडाशेजारी लाकडाची खुंटी ठोकलेली होती आणि तिच्यावर खडूने लिहिलं होतं: बर्डीन. मामांना ते आवडत नव्हतं, पण मामा चर्चचे माणूस होते. ते म्हणाले, मेलेल्या बहिणीचा शब्द मोडायची माझी हिंमत नाही. ओमा हॉइटच्या घरी नांदत असताना ते तिथे एकदाच गेले होते, वाटेत अंड्यांची टोपली सांभाळत. ओमाने जाळीचं दार उघडलंच नाही. आतून बोबड्या आवाजात म्हणाली, दाढ काढली आहे, तोंड सुजलंय, पुढच्या वेळी ये. अंडी पायरीवर ठेवून मामा बसने परत आले.

"दाढ काढली आहे," अर्लीनबाईंनी तेवढंच परत म्हटलं आणि चष्मा पुसला.

शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत उद्याच्या जेवणाची तयारी चालली होती. बायका बटाटे सोलत होत्या. ब्रॉक कॉम्प्युटर घेऊन आला होता, उद्या कबरीपाशी गाणं वाजवायचं म्हणून. हॉइट हॅट घालून आला होता. क्लीव्हने आपला अँप आणून ठेवला होता. अर्लीनबाईंनी बायकांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली. त्या बाहेर गेल्या आणि खिडकीखाली बसल्या.

"डब, अँप चालू कर," अर्लीनबाई म्हणाल्या. "वाजवायचं काही नाही."

अँप घरघरू लागला.

"ही विजेची घरघर. माझ्या ऑफिसात हीच, क्लीव्ह यांच्या घरी हीच. वीज सगळीकडे एकाच चालीने येते. आता लॅसिटरसाहेब, तुमचं गाणं. सुरुवातीचा भाग, ती गायला लागायच्या आधीचा."

ब्रॉकने लावलं. टेपवरची घरघर अँपच्या घरघरीखाली बसली आणि दोघी एकमेकींना धरेनात. बटाट्याची सुरी खाली ठेवावी इतकं ते कानाला खुपत होतं.

"एक सूर खाली," डब म्हणाला.

"गिटार जितकी खाली, तितकीच घरघर खाली," अर्लीनबाई म्हणाल्या. " माणसाचा आवाज म्हातारा होतो. गिटार उतरवता येते. वीज म्हातारी होत नाही. ती खाली येते ती एकाच कारणाने, टेप हळू चालवली तर. तुम्ही सगळे सुराचे पक्के, म्हणून गिटारचा सूर जुळल्यावर पुढे कुणी ऐकलंच नाही. लॅसिटरसाहेब, वेग वाढवा. दोन्ही घरघरी एक होतील तिथे थांबा."

ब्रॉकने हळूहळू वाढवला. घरघरी जवळ आल्या, थरथरल्या आणि एक झाल्या. मग ओमा जीन गाऊ लागली. चोवीस-पंचवीस वर्षांची. आवाज चाकूसारखा स्वच्छ, आणि सगळे 'स' ओघळलेले.

एस्टिलमामा बाकावर बसले.

"श्वास पुरला तो देवकृपेने नव्हे, वयाने," अर्लीनबाई म्हणाल्या. "आता चोर. तो सोपा आहे. टेप पेटीत सापडली, एवढंच म्हटलं असतं तर क्लीव्ह सुटले असते. आपणही फसलो, असं म्हणायची सोय होती. पण खोलीत नसलेल्याचं नाव गाण्यावर लागत नाही. नाव हवं होतं, म्हणून खोलीत बसावं लागलं, बटण दाबावं लागलं, टेप हातची सोडली नाही असंही सांगावं लागलं. जी खोली कधी नव्हतीच त्या खोलीत."

क्लीव्ह आपल्या बुटांकडे बघत होता.

"मूळ टेप त्यांची नाही. ओमा तरुण होती आणि नवऱ्याला घरी बोलावत होती, म्हणजे हॉइट यांच्या घरातली. पण गिटार उतरवून लावायची तिची सवय हॉइटना ठाऊक नव्हती. त्यांनी स्वतःच तसं सांगितलं. बरोबर किती हळू करायचं हे क्लीव्हनाच माहीत. एकाकडे टेप, दुसऱ्याकडे कान. एकाला कबर हवी होती, दुसऱ्याला नाव."

"बरं, मग जुनं का होईना," हॉइट म्हणाला. "गायली तर तीच. माफ केलं तर तिनेच."

"लॅसिटरसाहेब या ओघळलेल्या 'स'ला कवळी म्हणाले," अर्लीनबाईंनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "मरेपर्यंत तिचे दात तिचे होते. एकही कधी काढलेला नव्हता. पण एस्टिल, तुम्हाला ती दाराआडून काय म्हणाली होती?"

मामा म्हणाले, "दाढ काढली म्हणाली."

"तोंड सुजलं होतं. दाढा सगळ्या जागच्या जागी होत्या. त्या सुजलेल्या तोंडाने तिला हे गायला लावलं, आणि तुम्ही ते जपून ठेवलंत, हॉइट."

"तिने आपणहून गायलं," हॉइट म्हणाला. "मी फक्त म्हटलं होतं, की माझ्यावर एखादं छान गाणं लिही."

क्लीव्ह क्लॅरिसला म्हणाला, पोरी, मला फक्त एकदा तिच्या नावाशेजारी माझं नाव बघायचं होतं. क्लॅरिस म्हणाली, ह्या हॉइटलाही शेजारीच हवं होतं.

ब्रॉकची मान वर आली. चेहरा उजळला होता. "पण हे तर जास्त भारी आहे," तो म्हणाला. "तरुण आवाज. सुजलेलं तोंड. खरी गोष्ट. मी याची फिल्म करतो."

यावर हॉइट प्रथमच चिडला. टेप माझी आहे, माझ्या घरी झाली, माझं नाव असं खराब होणार असेल तर ती कुणालाही मिळणार नाही. ब्रॉक त्याची समजूत घालत पाठोपाठ गाडीपर्यंत गेला. त्याचं म्हणणं असं, की पश्चात्ताप झालेला नवरासुद्धा लोकांना आवडतो. आपल्या बदनामीच्या भीतीने का होईना, हॉइटने आयुष्यात पहिल्यांदा ओमाचं एक गाणं विकलं नाही. अर्लीनबाईंनी चर्चच्या नळावर हात धुतले. मग साबण मागून पुन्हा धुतले.

एस्टिलमामा कबरस्तानात गेले. खुंटी खोल ठोकली होती, एका हाताने निघेना. त्यांनी दोन्ही हात लावले, उपटली आणि भोक टाचेने बुजवलं. क्लॅरिसला म्हणाले, तुला विचारायला हवं होतं गं. ती म्हणाली, हो, हवं होतं.

रविवारी ऊन होतं. कबरीवर फुलं होती, गवतावर चादरी, चादरींवर तळलेलं चिकन, घेवडा, मक्याची भाकरी. ओमाच्या दगडावर नाव आणि दोन सालं होती. कोरलेल्या ओळीवर मामांनी सकाळीच सिमेंट थापलं होतं. शेजारच्या जागेवर क्लॅरिसने घडीची खुर्ची मांडली होती. ती जागा आता तिची होती. ती तिथे बसून जेवत होती.

ब्रॉक हातात लिंबूपाणी घेऊन आला आणि तिच्याजवळ उकिडवा बसला.

"हॉइट ऐकत नाही," तो म्हणाला. "पण मी काल रात्रभर विचार करत होतो. आवाज रक्तात असतो. तू कधी गायलीस का?"

क्लॅरिसने शेवटचा घास खाल्ला, हाडं ताटलीत गोळा केली आणि ताटली त्याच्या हातात दिली.

"हे फाटकापाशी पिंपात टाक," ती म्हणाली. "तिथून तुझी गाडी जवळच आहे."