यजमान : दर्शना हैबती उतेकर

नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास, पोलादपूरजवळ, कापडे गावाच्या वरच्या वळणावर एक पांढरी कॅरव्हॅन अडकली. लांबी बावीस फूट. आत दोन पलंग, शेगडी आणि न्हाणीघर. पुढचं चाक गटाराच्या काठावर, मागचा कोपरा बांधाला टेकलेला. चालवणारा खाली उतरून गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला होता. तेवढ्याने गाडी सुटली नव्हती.

दर्शना वाडीकडून उतरत होती. डोक्यावर पेंढ्याचा भारा होता, केसांत भाताची तुसं. तिने भारा बांधावर ठेवला, गाडीकडे पाहिलं, मग माणसाकडे.

"बसा गाडीत."

"तुम्ही...?"

"मी मागे उभी राहते. आरशात मी दिसले नाही तर गाडी हलवायची नाही."

तो बसला. ती उजव्या आरशात येईल अशी उभी राहिली आणि तिचा आवाज बदलला.

"घे मागे. घे... घे... उजवीकडे काट. पूर्ण काट रे. थांब. बघतोस कुठे? आरशात बघ."

"आरशातच बघतोय," आतून उत्तर आलं.

"मग हाताकडे बघ. तोंडाकडे नको."

सात मिनिटांत गाडी रस्त्यावर आली. तो उतरला. तिशीतला, उन्हाने रापलेला, शर्टाच्या खिशात पेन आणि कमरेला मोजपट्टी.

"मघाशी मला अरे-तुरे करत होतात."

"गाडी मागे घेताना मी कुणालाच अहो-जाहो करत नाही. बिरवाडीला खोली घेऊन दोन वर्षं कारखान्याच्या गेटवर होते. चाळीस फुटी ट्रक लावून घ्यायचे. ड्रायव्हर बापाच्या वयाचा असला तरी 'घे' म्हणजे 'घे'."

"आणि आता?"

"आता तुम्ही उभे आहात. म्हणून तुम्ही."

त्याचं नाव सहदेव. गाव तुडील, खाली नदीकाठी. पुण्यातली एक कंपनी कॅरव्हॅन भाड्याने देते आणि प्रवाशांना मुक्कामाच्या जागा आधीच राखून देते, त्या कंपनीत तो कामाला होता. जागा शोधायच्या, मोजायच्या, पास किंवा नापास करायच्या, हे त्याचं काम. मुंबईहून महाबळेश्वरला निघालेल्या माणसाला घाटाच्या अलीकडे एक तळ लागतो, कारण एवढी गाडी अंधारात घाटात घालायला कोणी राजी नसतं. असा तळ तो महिनाभर शोधत होता. त्या दिवशी तीन जागा पाहून झाल्या होत्या. एकीवर विजेच्या तारा नऊ फुटांवर लोंबत होत्या, दुसरीला पाणी नव्हतं. तिसरीच्या मालकाने जागा दाखवण्याआधी त्याला जेवायला बसवलं होतं, आणि जेवणच चांगलं निघालं.

"माझ्याकडे जागा आहे," दर्शना म्हणाली. "ओढ्याच्या अंगाला अठरा गुंठे. पूर्वी नाचणी व्हायची. रानडुकरं पीक ठेवीनात, म्हणून पडीक आहे."

"आता बघू?"

"आता बघा. गाडी इथेच राहू द्या. तुम्ही नदीकाठचे. डोंगरात एका दिवशी एकदाच अडकावं."

त्याच्या यादीत एकवीस मुद्दे होते. तो पाऊण तास मोजत होता आणि ती मोजपट्टीचं दुसरं टोक धरून होती. ओढा वाजत होता. वाळत घातलेल्या पेंढ्याचा वास येत होता. शेवटी त्याने पेनाचं टोपण लावलं.

"नापास."

"कशात?"

"उतार. तीस फुटांत नऊ इंच आहे, तीनच्या वर चालत नाही. आत झोपलेल्या माणसाचं डोकं खाली जातं. दुसरं, वेगळा मीटर आणि जाड पिनेचा प्लग हवा. तिसरं, सांडपाण्याला शोषखड्डा."

"म्हणजे तीन गोष्टींत नापास, अठरा गोष्टींत पास. नीट बोला."

सहदेव हसला. "अठरा गोष्टींत पास. या हंगामाची यादी तीस तारखेला संध्याकाळी सहाला बंद होते."

"आज तेरा," ती म्हणाली. "या परत."

तिच्यासाठी ही यादी एका हंगामापुरती नव्हती. मुंबईत राहणारे तिचे काका भागोजी यांनी तिच्यासाठी डोंबिवलीत एक नोकरी आणि एक मुलगा, असं दोन्ही बघून ठेवलं होतं. वडील हैबती यांना तिने शब्द दिला होता की, या हंगामात जागेवर गाड्या लागल्या तर ती वाडीतच राहील आणि नाही लागल्या तर काका म्हणतील तिथे जाईल. शब्द तिने स्वतःहून दिला होता, त्यामुळे तो मोडायची सोय नव्हती.

पुढच्या दोन आठवड्यांत सहदेव चार वेळा आला. नियमाप्रमाणे फेरतपासणी एकदाच होते. उरलेल्या तीन फेऱ्यांचं कारण त्याने कंपनीला काय कळवलं, हे समजायला मार्ग नाही.

पहिल्या फेरीला त्याने गवंड्याची नळी आणली. लांब, पारदर्शक, पाणी भरलेली. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीला येतं, त्यावरून उतार कळतो. एक टोक त्याच्या हातात, दुसरं तीस फुटांवर तिच्या हातात. सकाळचं दव अजून गवतावर होतं.

"तुमचं पाणी हलतंय," ती म्हणाली.

"माझं? माझं तर... तुमच्या बाजूचं बघा."

"माझं स्थिर आहे."

"मग माझंच असेल."

"हात स्थिर ठेवा. उतार चुकेल."

"प्रयत्न करतोय. तुम्ही जरा तिकडे बघा."

तिने ओढ्याकडे पाहिलं. पाणी केव्हाच थांबलं होतं. ते सांगायला मात्र दोघांनीही बराच वेळ घेतला.

दुसऱ्या फेरीला शोषखड्डा अर्धा झाला होता. ती खड्ड्यात, कमरेइतकी, हातात फावडं. त्याने बूट काढले.

"वर राहा," ती म्हणाली. "तपासणारा खणायला लागला तर तपासायचं कोणी?"

"मग मी काय करू?"

"सावलीत उभे राहा. छान दिसताय तसे."

हे तिने खाली बघून, माती उचलता उचलता म्हटलं. तो सावलीत जाऊन उभा राहिला. दहा मिनिटं त्याने यादीचं एकच पान वाचलं.

सव्वीस तारखेला चौथी फेरी झाली आणि जागा पास झाली. उतार अडीच इंच भरला. सहदेवने फोटो काढले, ओढ्याचा आवाजही फोनवर टिपून घेतला. अठ्ठावीसला जागा अ‍ॅपवर आली. एकोणतीसला, शनिवारी सकाळी, दर्शनाला नाशिकहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी नाताळच्या दोन रात्री राखून ठेवल्या होत्या.

"सहदेव सरांचाच तळ ना हा?"

"कोणाचा?"

"अहो, अ‍ॅपवर लिहिलंय. यजमान, सहदेव."

दर्शनाने अ‍ॅप उघडलं. फोटो तिच्या जागेचे होते, फोन नंबर तिचा, नाव त्याचं. खाली अकरा आरक्षणं झालेली दिसत होती.

तो रविवारी सव्वानऊला आला. ती अंगणात उभी होती. हैबती पडवीत बसले होते आणि उगाच विळ्याची धार बघत होते.

"हे काय आहे?" तिने फोन पुढे धरला.

सहदेवने लपवलं नाही. "आज गावकीत विषय आहे. तुमच्या जागेला जाणारी वाट गावाची. बाईच्या नावावर परक्यांचा तळ असेल तर वाट देणार नाहीत, पुरुषाचं नाव असलं तर देतील, असं ठरतंय म्हणे. मला वाटलं, तात्पुरतं माझं... म्हणजे वाद टळेल."

"वाद कोणाचा?"

"तुमचा."

"मग तो टाळायचा की नाही, हे मी ठरवणार. उतार मी काढला. खड्डा मी खणला. मीटरसाठी पोलादपूरला तीन खेपा मी घातल्या. तुम्ही काय केलंत? नळीचं एक टोक धरलंत."

"ते मात्र मनापासून धरलं होतं."

"हसवू नका. मी रागावले आहे."

"पोरी," हैबती पडवीतून म्हणाले, "मीच बोललो त्याला. गाव नाय म्हणेल तर वाट बंद होल. आपून कुठं भांडत बसायचं गो?"

"तुमच्याशी नंतर भांडते बाबा. आधी गावकी."

गावकी देवळाच्या सभामंडपात बसली. पुरुष एकतीस. बायका आठ, भिंतीकडेला. भागोजी गावाच्या मुंबई मंडळाचे सचिव या नात्याने खास आले होते, पांढरा शर्ट, हातात दोन फोन.

"सिंपल गोष्ट हाय," ते म्हणाले. "परकी माणसं रातची येऊन झोपणार. ओनर कोण? तर लग्नाची पोरगी. लोक काय बोलतील? नाव पुरुषाचं लावा आणि खुशाल वाट वापरा. मंडळाचा काही प्रॉब्लेम नाय."

दर्शना उठली. "नाव माझंच राहणार. वाट गावाची आहे आणि मी पण गावाची आहे."

"उलट बोलू नको. आणि तो ड्रायव्हर? चार चार वेळा येतो. त्याचा तुझा काय संबंध?"

सहदेव बाहेर, पायरीपाशी उभा होता. तिथून आतलं सगळं ऐकू येत होतं आणि हे दर्शनाला माहीत होतं.

"दोन गोष्टी आहेत काका," ती म्हणाली. "एक, तो जागा तपासायला येतो. दोन, तो मला आवडतो. पहिलीची चौकशी गावकीने करावी, सगळे कागद दाखवते. दुसरीची करू नये. ती अजून मी त्यालाही सांगितलेली नाही."

बायकांच्या बाजूला कोणीतरी पदर तोंडाला लावला.

"आणि सध्या मी त्याच्यावर रागावले आहे," ती वही लिहिणाऱ्याकडे वळून म्हणाली. "तेही लिहून घ्या. उद्या कोणी अर्धंच सांगायला नको."

भागोजींनी एक फोन खाली ठेवला. "बघा. हे असं. बाईमाणसाच्या हातात दिलं की..."

"भागोजी," भिंतीकडून येसूबाई म्हणाल्या. सत्तरीच्या, वाडीच्या शेवटच्या घरातल्या. त्या बसूनच बोलल्या. "तू मुंबईस गेलास तवा शेताची राखण कोणावर टाकून गेलास?"

"ते वेगळं काकी."

"माझ्यावर. बारा वरसं मी शेतातल्या माळ्यावर बसून डुकरं हाकलली. एकटीनं. तवा रात नव्हती काय रे?"

भागोजींनी दुसरा फोनही खाली ठेवला. यावर कोणी हसलं नाही, त्यामुळे ते जास्तच अवघडले. अध्यक्ष विषय पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले. वहीत 'तहकूब' असा शेरा पडला. वाडीत तहकूब विषयावर कोणी वाट अडवत नाही. भागोजी जाता जाता हैबतींना म्हणाले, "पोरगी हाताबाहेर गेली."

"हाताबाहेर नाय," हैबती म्हणाले. ते सहसा भावाला उत्तर देत नसत. "तिच्या पायावर हाय. डोंबिवलीवाल्यांना कळव, येणार नाय."

दर्शना बाहेर आली तेव्हा सहदेव देवळाच्या पायरीवर बसला होता. वाडीत रेंज फक्त तिथेच मिळत असे. ती दोन हात सोडून बसली. बारा चाळीस झाले होते.

"नोंद काढून टाकतोय," तो म्हणाला. "नाव नुसतं बदलता येत नाही. पूर्ण काढून नवीन करावी लागते. अकरा आरक्षणं जातील. अकराही जणांना मीच फोन करून सांगेन, चूक माझी होती म्हणून."

"काढ."

त्याने बटण दाबलं. अकराचा आकडा गेला आणि पांढरं पान राहिलं. तिने त्या पानाकडे नीट पाहून घेतलं. मान वळवली नाही.

"यजमान?" त्याने विचारलं.

"दर्शना हैबती उतेकर. तिन्ही नावं."

त्याने तिन्ही नावं लिहिली. हैबतीच्या वेलांटीला एकदा चुकला, तिने दुरुस्त करायला लावली. मग तो थांबला.

"ती दुसरी गोष्ट..."

"कोणती?"

"जिची चौकशी गावकीने करू नये."

"हं."

"मी करू शकतो?"

"तू नाही तर कोण करणार? पण विचारायचं ते सरळ विचार. घोळ घालू नको."

सहदेवने फोन मांडीवर ठेवला. "तिसऱ्या फेरीला तपासायला काहीच नव्हतं. दुसऱ्यालाही नव्हतं. मी तुला बघायला येत होतो. आणि मला... पुढेही यायचं आहे. तुडीलहून नाही. इथूनच."

दोन हातांचं अंतर एका हातावर आलं. कोण सरकलं, हे दोघांनीही नंतर वेगवेगळं सांगितलं.

"लग्नानंतर माझं नाव बदलायचं नाही," ती म्हणाली. "तुझं इथे लावायचं नाही. बाकी हो."

"बाकी हो?"

"हो म्हटलं ना. किती वेळा तपासणार?"

तो हसत पुन्हा फोनकडे वळला. अर्जात शेवटचा रकाना होता, तपासणी करणाऱ्याचं नाव. त्याने सवयीने 'स' लिहिला. तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"इथे दुसऱ्या कोणाचं लिही."

"का? नोंद सहाच्या आत यादीत जाईल, पण नवीन आहे म्हणून सात दिवसांत तपासणी लागते. मी उद्याच करून टाकतो."

"माझ्या जागेच्या कागदावर माझ्या माणसाची सही चालायची नाही."

सहदेव तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने 'स' खोडला.

"मग ओंकार येईल. तो फार कडक आहे दर्शना. या वर्षी त्याच्याइतक्या जागा कोणीच नापास केलेल्या नाहीत."

"येऊ दे," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, मोजपट्टी लांब आण."