फणसाला दिलेला शब्द

पेजेचा द्रोण घेऊन मेन गात्रा दुपारीच परसात उतरली. गात्राची आई म्हणून मेन गात्रा; तिचं स्वतःचं नाव घेणारा नवरा गेल्या साली वारला होता. आज झाडांचा सण. झाडांना पेज भरवायची, बुंध्यावर टकटक करून सांगायचं, गलुंगानचा मोठा सण जवळ आलाय, फळं धरा.

नारळ झाला, केळी झाल्या. उरला म्हातारा फणस. तिथं जायला पाय उचलेनात, कारण उद्या तो पडणार होता. मुलानं, गात्रानं, ती जागा हॉटेलवाल्याला दिली होती. तिथं पाहुण्यांसाठी पोहायचा तलाव व्हायचा होता. ती वर्षभर भांडली. मग एका संध्याकाळी म्हणाली, "कर काय करायचं ते." हरली नव्हती, दमली होती. यातला फरक पुरुषांना कळत नाही, आणि कळून घ्यायची त्यांना गरजही पडत नाही.

"उद्या तोडायच्या झाडाला आज कसली पेज, आई?" गात्रानं ओसरीवरून विचारलं.

"तुझ्या बापालाही शेवटच्या दिवशी मी भरवलं होतं. तेव्हा नाही विचारलंस."

"बरं. मग त्यातल्यांना हलवायचं तेवढं बघ. कामगार भितात."

"कामगार भितात. तू शूर."

गात्रा हसून आत गेला.

झाड तोडण्याआधी त्यात राहणाऱ्या अदृश्य जिवांना दुसरं झाड नेमून द्यावं लागतं, नाव घेऊन. तिनं चहूकडं पाहिलं. वड रस्त्यात गेला, आंबा गाड्या लावायच्या जागेत. नारळ-केळींत ते वस्ती करत नाहीत. नेमून द्यायला झाड होतंच कुठं?

तिनं बुंध्याला पेज फासली. कोयत्याच्या पाठीनं टकटक केलं, आणि सणाचा ठरलेला प्रश्न विचारला.

"आजोबा, आजोबा, आजी कुठंय?"

नवरा होता तेव्हा तो बुंध्याआड लपून घोगऱ्या आवाजात झाडाचं उत्तर द्यायचा, आजी घरात तापानं कापतेय म्हणून, आणि दोघं हसायची. आज मागं कोणी नव्हतं. तरी ती थांबली. वारा पडला. कोंबड्यांची कुरकुर बंद झाली. फणसावर एकही फळ नव्हतं, आणि पिकल्या गऱ्यांचा वास दाटून आला.

"आजी... दमलीय," बुंध्यामागून आलं.

नवऱ्याचा आवाज नव्हता तो. बारीक बारीक पुष्कळ तोंडं एकदम बोलावीत, तसा होता.

"कोण आहे?"

"उद्या... आम्ही कुठं जायचं?"

पळायला हवं होतं. पण भ्यायलासुद्धा अंगात बळ लागतं. तिनं कपाळ बुंध्याला टेकलं.

"माझ्याकडे या," ती म्हणाली.

"पुष्कळ आहोत..."

"असू द्या. मी आता रिकामीच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फणस पडला. करवतीला चिकाचा थेंब लागला नाही. कामगारांचा म्होरक्या म्हणाला, "गात्रा, हे झाड कधीचं मेलंय?"

"काल हिरवं होतं," गात्रा म्हणाला, आणि आईला सांगायला घराकडं वळला.

ती उघड्या पडवीत बाजेवर पडून होती.

"आई, झालं बघ. काही त्रास झाला नाही."

"मला कळलं."

"ऊठ ना. भात खा दोन घास."

"नाही उठवत रे. जड झालेय." चेहरा मात्र शांत होता, इतक्या वर्षांत त्यानं तो तसा पाहिला नव्हता. "सुनेला सांग, अंगण झाडू नको आज. वाट मोडेल."

"कसली वाट?"

गात्रानं खाली पाहिलं. तांबड्या मुंग्यांची रांग तोडलेल्या खोडाकडून अंगणभर आली होती. प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. रांग बाजेच्या पायावरून चढून आईच्या बाहीत शिरत होती.

त्यानं घाईघाईनं तिची बाही वर सारली. हात कोरडा, स्वच्छ होता. मनगटापाशी एकही मुंगी नव्हती, कोपरापाशी नव्हती, आणि रांग मात्र आत चालली होती.