मुका डबा

"सहा वाजता उल्हासकाका येणार आणि डब्यातलं सर्किटच बदलणार! म्हणजे धीरजचा आवाज कायमचा गेला, यार!"

हेरंब हे ज्या मुलीला सांगत होता, तिचं फक्त नाव त्याला ठाऊक होतं. अक्षया! नुकतीच अमरावतीहून वरच्या मजल्यावर राहायला आलेली. ती विरजण मागायला आली होती. आईबाबा ऑफिसात, बाहेर दिल्लीतलं सगळं लक्ष्मीबाई नगर धुक्यात गडप. सुट्टीत दिवसभर बोलायला कुणी नसलं, की माणूस विरजण न्यायला आलेल्यालाही मनातलं सांगतो!

"धीरज कोण?" अक्षयाने विचारलं.

"माझा बेस्ट फ्रेंड. शेजारीच राहायचा. त्याच्या बाबांची बदली झाली, पार अरुणाचलला. फोन लागतच नाही." हेरंबने खेळातल्या रेल्वेचा निळा डबा पुढे केला. "जाण्याआधी त्याने ह्यात स्वतःचा आवाज भरला. गाडी खिडकीजवळ आली, की डबा बोलायचा. कसा, ते विचारलं की म्हणायचा, जादू! आणि रविवारपासून हा मुका! बाबा म्हणाले, सेल संपले. नवे घातले, तरी गप्प! उल्हासकाका नोएडात इंजिनिअर आहेत. त्यांनी फोनवरच सांगून टाकलं, सर्किट जळलं!"

"न बघताच?"

"बिल्कुल! थांब, तुला विरजण देतो."

डबा काखेत धरून हेरंबने फ्रिजचं दार ओढलं आणि...

"यात्रीगण, कृपया ध्यान दें!"

डबा खणखणीत ओरडला! अक्षयाच्या हातातली वाटी ठणकन खाली पडली.

"बोलला!" हेरंब नाचायलाच लागला.

"जळलेलं सर्किट बोलतं होय रे?" अक्षया म्हणाली. "पुन्हा कर. अगदी तस्संच!"

डबा ओट्याजवळ नेला. गप्प. हॉलमध्ये नेला. गप्प. फ्रिजच्या दाराला टेकवला, की लगेच सुरू!

"ह्याला थंडी आवडते का?" हेरंबने विचारलं.

"मग बाल्कनीत बडबडला असता, शहाण्या! दारावर काय काय चिकटलंय ते बघ ना!"

गोव्याचं कासव, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि पाणीकपातीच्या नोटिशीवरचं काळं, बटणाएवढं चुंबक. कासव डब्याखाली धरलं. शांतता! स्ट्रॉबेरी धरली. शांतता! काळं बटण धरलं...

"यात्रीगण!"

दोघं हॉलमध्ये धावली आणि रुळांपाशी पालथी पडली. खिडकीजवळ दोन रुळांच्या मध्ये वाळलेल्या गोंदाचा गोल डाग होता. काळं बटण त्यावर नेमकं बसलं!

"डबा चुंबकावरून गेला, की आतला स्विच लागतो! हीच धीरजची जादू!" हेरंब ओरडला.

सहाच्या सुमारास बाबा आणि उल्हासकाका आले. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर बाहेर काढला.

"काका, पैज! न उघडता बोलतं करून दाखवतो!" हेरंबने गाडी सोडली. खिडकीजवळ येताच डबा दणक्यात बोलू लागला. काकांचा स्क्रू-ड्रायव्हर हातातच राहिला.

"बाबा, हे चुंबक फ्रिजवर कुणी लावलं?"

बाबांनी कान खाजवला. "रविवारी केर काढताना सापडलं. मला वाटलं, फ्रिजवरचंच पडलं!"

"आणि मी घरबसल्या सर्किट जाळलं! शाब्बास, पोरांनो! आमची अक्कल काढलीत!" काका खदखदून हसले. दोघांच्या पाठी थोपटून मोठी माणसं चहाला आत गेली.

गाडी पुन्हा खिडकीजवळ आली. डब्यातला धीरज नेहमीसारखं शेवटचं वाक्य बोलला, "गाडी सुटतेय, हेरंब! चढ लवकर!"

"आलो, आलो!" हेरंब सवयीने म्हणाला. आवाज परत मिळाला होता, धीरज नाही. डबा तेच तेच बोलणार होता, हेरंबचं काही ऐकणार नव्हता. दुपारपेक्षाही आता त्याला जास्त एकटं वाटलं.

दारात अक्षया एक चप्पल घालून थांबली होती.

"मला पण इथे कुणी ओळखत नाही," ती हळूच म्हणाली. "गाडीत जागा आहे का रे?"

हेरंबने बाहीने डोळे पुसले आणि सतरंजीवर तिच्यासाठी सरकून बसला.