खाली कोणी?

ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबलं तरी चालेल. मला कुणाची खात्री पटवायची नाही. मी त्या खोलीत उभा होतो, ते माझ्या या दोन कानांनी ऐकलं, आणि मी चांगला जागा होतो.

रात्रबित्र नव्हती हो. रविवार, दुपारचे सव्वातीन. खिडक्या सताड उघड्या. समोर कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं.

पण हे सुरू झालं त्याच्या बरंच आधी. म्हणून आधी माझ्या आत्याबद्दल सांगतो.

आत्या शिवणकाम करते. वय पासष्ट. कमरेत वाकलेली नाही, आणि कुणापुढे तर मुळीच नाही. घराच्या तळमजल्यावर तिचं शिलाई मशीन, आणि वरच्या खोलीत आतोबांची रेल्वे.

आतोबा म्हणजे तिचा नवरा. इंजिनांच्या शेडमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वरच्या खोलीतला पलंग बाहेर काढला आणि तिथे प्लायवूडचा भला मोठा बोर्ड टाकला. त्यावर रूळ, दोन स्टेशनं, प्लास्टरचा डोंगर, डोंगरातून बोगदा. इंजिन तळहाताएवढं. अकरा वर्षं माणूस त्यातच गुंग.

शेडमधली एक सवय मात्र त्यांच्या अंगात मुरली होती.

खऱ्या इंजिनाखाली माणसं काम करत असतात. म्हणून इंजिन हलवायच्या आधी मोठ्याने विचारायचं, “खाली कोणी?” उत्तर आलं तर हँडलला हात लावायचा नाही. आतोबा घरीही तेच करायचे. आत्या बोर्डाखाली सांडलेले स्क्रू शोधत असायची. ती ओरडायची, “मी आहे, थांबा!” आणि हे थांबायचे. बारा व्होल्टचं खेळणं, त्यात मुंगीसुद्धा मरायची नाही. आत्या हसायची. हे कधी हसले नाहीत.

गेल्या वर्षी एका दुपारी ते तारा जोडायला पाठीवर सरकत बोर्डाखाली गेले.

आत्याने खालून चहासाठी तीन हाका मारल्या.

चौथी हाक मारायला ती वर गेली...

हृदयाचा झटका. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल.

दिवसकार्य उरकल्यावर माझा आतेभाऊ म्हणाला, “आई, हे घर भाड्याने देऊ. तू माझ्याकडे चल. आणि वरचा तो पसारा मोडू.”

त्याचं काही चुकलं नव्हतं, बिचाऱ्याचं. पण ‘पसारा’ हा शब्द त्याने वापरायला नको होता.

“मोडायचा कशाला? रूळ अर्धे राहिलेत. मी पूर्ण करीन,” आत्या म्हणाली.

“तू?”

“का, मला हात नाहीत?”

शेवटी जिन्यावर उभ्या उभ्या पैज लागली. सहा महिन्यांची मुदत. इंजिनाने न अडता एक पूर्ण फेरी मारली, तर आत्या या घरात राहील आणि आतेभाऊ हा विषय पुन्हा कधी काढणार नाही. नाही मारली, तर तिने मुकाट्याने सामान बांधायचं. मी साक्षीदार. आत्या एकदा हट्टाला पेटली की देवही हात टेकतो, हे मला माहीत होतं. तरी मी आतेभावावर पैज लावली असती.

आणि हरलो असतो! तिने सोल्डर करणं, म्हणजे तारांना कथलाचा डाग देऊन जोडणं, शिकून घेतलं. दोनदा बोटं भाजली, तिसऱ्यांदा नाही. आतोबांनी सगळ्या तारा एकाच रंगाच्या वापरल्या होत्या. म्हणून आत्याने प्रत्येक तारेला दोरा बांधला. डाव्या रुळाची तार लाल दोरा, उजव्याची काळा. डोंगरामागच्या वळणावर रूळ फिरून स्वतःलाच येऊन मिळतो, तिथे लाल काळ्याला भिडला आणि फ्यूज उडाला. तिने आतोबांच्या वहीतून कारण शोधून काढलं, लाल-काळा एकमेकांना भिडू नयेत म्हणून रुळाला दोन चिरा दिल्या आणि वेगळं बटण बसवलं. शिवण उसवून पुन्हा घालावी इतक्या सहज. मला फोनवर सांगताना तिचा आवाज नुसता फुलला होता.

मग खोलीतल्या वस्तू हलायला लागल्या.

आधी पक्कड. टेबलावर ठेवलेली पक्कड बोर्डाखाली, जमिनीवर...

मग स्क्रू ड्रायव्हर.

मग सोल्डरिंगची गन. प्लग काढलेला, तरी टोक गरम.

दुसरी कुणी असती तर घर सोडून पळाली असती. आत्याचा जीव सुखावला. तिला वाटलं, हे आलेत. मदतीला आलेत. ती एकटीच बोलत बसायची. “अहो, पक्कड जागेवर ठेवत जा. मेल्यावर तरी शिस्त लावून घ्या.”

उत्तर यायचं नाही. फक्त खालून लाकडावर नख घासल्यासारखा आवाज... आणि मग शांतता.

मुदत संपायला चार दिवस उरले. गुरुवारी रूळ पूर्ण झाला. आत्याने इंजिन ठेवलं, वेगाचा नॉब फिरवला. इंजिन दोन्ही स्टेशनं सोडून छान गेलं आणि डोंगराच्या अलीकडे थांबलं.

तिने रूळ पुसले. पुन्हा तिथेच थांबलं.

मीटर लावून पाहिला. वीज बरोबर येत होती.

पुन्हा तिथेच.

आतोबा जिथे सापडले, त्याच्या बरोबर वर.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण विचारलंच नाही! विचारल्याशिवाय हे गाडी कशी सोडू देतील? तिला हसू आलं, डोळेही भरून आले. घसा साफ करून तिने विचारलं,

“खाली कोणी?”

बोर्डाखालून उत्तर आलं...

“मी आहे, थांबा!”

बाईचा आवाज होता.

आत्याचा स्वतःचा आवाज. आतोबांना ती दिवसातून वीस वेळा द्यायची तेच उत्तर, त्याच सुरात.

ती वाकली. खाली तारा होत्या, दोरे होते, बाकी कुणी नव्हतं. आत्या तिथेच जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. भीतीने नाही हो. हे आले नव्हते, म्हणून. इतके महिने ती ज्यांच्याशी बोलत होती ते इथे नव्हतेच. दुसरंच काहीतरी होतं, आणि ते तिचा आवाज घेऊन बसलं होतं.

रडून झाल्यावर मात्र तिचा पारा चढला.

तेव्हा ती आम्हाला काही बोलली नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, मी आणि आतेभाऊ गेलो तेव्हा ती तळमजल्यावर कुणाच्या तरी पँटची शिलाई मारत होती. तशीच उठून वर आली, ओठांत दोन टाचण्या धरून. ती सवय जुनीच.

तिने इंजिन सोडलं. डोंगराच्या अलीकडे ते थांबलं.

“बघ,” आतेभाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, सुटका होती. “आई, तू खूप केलंस. पुष्कळ झालं आता.”

आत्याने ओठांतल्या टाचण्यांकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, मग बोर्डाखाली. तू विचार.

मला वाटलं, गंमत चाललीये. मी आतोबांसारखा आवाज काढून ओरडलो, “खाली कोणी?”

“मी आहे... थांबा!”

मी आत्याच्या तोंडाकडेच बघत होतो.

ओठ मिटलेले. टाचण्या जागच्या जागी.

आतेभाऊ पांढराफटक पडला. तो कसाबसा म्हणाला, “आई... खाली चल. आत्ताच्या आत्ता. इथे एक मिनिट थांबायचं नाही.”

आत्याने सावकाश टाचण्या काढल्या आणि बाहीला टोचल्या.

“मी कुठेही येणार नाही,” ती म्हणाली. मग बोर्डाकडे बघून बोलली. यावेळी ‘अहो’ नव्हतं. “ए बाई, ऐक. तू कोण ते मला ठाऊक नाही. आवाज माझा चोरलास, राहू दे तुला. पण मी आयुष्यभर थांबले. यांची ड्यूटी संपेपर्यंत थांबले, पोरगं शिकेपर्यंत थांबले. त्या दुपारी यांना तीन हाका मारल्या, तेव्हाही खालीच थांबले. आता नाही थांबणार. सरकायचं तर सरक.”

आणि तिने नॉब फिरवला.

इंजिन थरथरलं. हललं नाही.

बोर्डावर खालून काहीतरी आपटलं... एकदा. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा स्टेशनातली माणसं आडवी झाली.

“थांबा ना!” आता तो आवाज रडवेला होता. माझ्या गुडघ्याच्या अगदी जवळ.

“नाही थांबत जा!” आत्या ओरडली आणि नॉब शेवटपर्यंत पिळला.

इंजिन सुटलं. बोगद्यात शिरलं, आणि त्याचा आवाज थांबला.



बाहेर गाडी धुणाऱ्याचं पाणीसुद्धा ऐकू येत होतं...

मग ते पलीकडून बाहेर आलं. वळण घेतलं, दोन्ही स्टेशनं ओलांडली, निघालं होतं तिथे पोचलं, आणि न थांबता पुन्हा पुढे गेलं.

“पैजबिज खड्ड्यात गेली,” आतेभाऊ म्हणाला. “अशा घरात मी तुला ठेवणार नाही.”

“शब्द दिला होतास.”

“आई, तो आवाज तुझा होता!”

“ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून.”

शेवटी त्याने डोळे पुसले आणि जिना उतरला. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. आत्या तिथेच राहते. रोज दुपारी गाडी सोडते, आता दुसरं इंजिन बनवायला घेतलंय.

मी मात्र त्या खोलीत जाताना दहादा विचार करतो.

परवा गेलो होतो. एक तार सुटली होती. आत्या म्हणाली, “खाली जाऊन जोड रे जरा.” मी नाही म्हणालो. ती मला भित्रा म्हणाली, आणि स्वतःच पाठीवर सरकत खाली गेली. वर मी नॉबपाशी उभा. बराच वेळ झाला, खालून काही आवाज येईना. म्हणून मी विचारलं.

“मी आहे, थांब!” आत्या म्हणाली.

“मी आहे, थांबा...” आत्या म्हणाली.

दोन उत्तरं. एक माझ्या पायाशी, एक डोंगराखाली.

आत्या बाहेर आली. केसांत जळमटं, हातात पक्कड. उठून कपडे झटकले आणि म्हणाली, “चल, सोड गाडी.”

“आणि... ती?”

“असू दे तिला. घर माझं आहे, मी कुणाला हाकलत नाही. पण माझ्यासमोर कुणी ‘थांबा’ म्हणायचं नाही.”

माझा हात काही पुढे जाईना. आत्याने मला बाजूला केलं आणि स्वतःच नॉब फिरवला.