बेचाळीस ओळींचा तक्ता

माणसाच्या इतिहासात खऱ्या क्रांत्या दोनच. पहिली, माणूस गुहेतून घरात आला. दुसरी, सलाईन इस्पितळातून घरात आलं. पैकी दुसरी क्रांती सध्या बैठकीच्या खोलीत पडद्याच्या दांडीला लोंबत होती, आणि दांडी वाकली तर याद राखा, असं बायकोनं बजावून ठेवलं होतं.

क्रांतीच्या खाली खुर्चीत निवृत्त लिफ्ट-तपासनीस बसले होते. बुटातला खिळा टाचेत घुसला, तो त्यांनी तीन आठवडे मनावर घेतला नाही, आणि जंतू हाडापर्यंत पोचले. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. बेचाळीस दिवस रोज शिरेतून औषध, ते घरी घेता येईल. मध्ये बिघडलं तर पाऊल जाईल, आणि विष रक्तात भिनलं तर पावलामागोमाग बाकीचे साहेबही. मग दंडातून एक बारीक नळी आत सरकवून त्यांनी तपासनीसांना घरी धाडलं.

रोज अकराच्या सुमाराला सिस्टर यायची, स्पिरिटच्या वासासकट. नळी धुवायची, बाटली जोडायची. सोबत बेचाळीस ओळींचा एक तक्ता होता. औषध सुरू किती वाजता, संपलं किती वाजता, ताप, नाडी, शेरा. भरायचा रुग्णानं, सही सिस्टरची.

रकाने भरणं हा तर तपासनीसांच्या हातचा मळ. चौतीस वर्षं त्यांनी गावभरच्या लिफ्ट तपासल्या. म्हणजे लिफ्टच्या वह्या तपासल्या. बसायला खुर्ची आणि प्यायला चहा मिळाला की सहा महिन्यांच्या पाहण्या एका बैठकीत उरकायच्या, पुढच्या तारखांसकट. एकही लिफ्ट कधी पडली नाही. लिफ्टनाही बहुधा वही वाचून वागायची सवय लागली असावी.

सातव्या दिवशी त्यांना आठवी ओळ भरलेली दिसली. निळी शाई, उभं, शांत अक्षर. सुरू ११.२२, संपलं ११.५७, ताप ९९.२, नाडी ८४. शेरा: तीन शिंका.

आपली विद्या पुढच्या पिढीत उतरली म्हणून तपासनीसांना गहिवरून आलं. त्यांनी सिस्टरची पाठ थोपटली, तर ती चिडली. उद्याचं आज लिहिलं तर माझी नोकरी जाईल काका, म्हणाली. बायकोला विचारलं, तर तिचं आजचंच उरकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. औषध सुरू झालं ते अकरा बावीसला. दोन शिंका आल्यावर तपासनीस नाक घट्ट धरून बसले. तिसरी अकरा छपन्नला आली.

मग त्यांनी तक्ता कपाटात कोंडला आणि किल्ली बनियनमध्ये ठेवली. रोज सकाळी उद्याची ओळ तयार. कागद तेवढा गार लागायचा, नुकताच फ्रिजमधून काढल्यासारखा.

विसाव्या दिवशी कपाट उघडलं, तर एकदम आठ ओळी भरलेल्या. अठ्ठाविसावी अशी: ताप १०३.४, नाडी १३०. शेरा: थंडी भरली. पत्नीस हाक मारली.

खाली चौदा ओळी कोऱ्या.

बायकोनं चष्मा पुसून तक्ता पुन्हा वाचला, आणि त्या दिवशी दांडीविषयी चकार शब्द काढला नाही. डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासायला लावलं. रक्त उत्तम होतं. सात दिवस तक्त्याबरहुकूम गेले. वहीतली कोरी ओळ म्हणजे काय, हे तपासनीसांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. लिफ्ट बंद.

अठ्ठाविसाव्या दिवशी छान ऊन पडलं होतं. शेजारी कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. औषध सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, तोच तपासनीसांचे दात वाजायला लागले. त्यांनी बायकोला हाक मारली, आणि मारल्यावर लक्षात आलं की मारायची नव्हती.

सिस्टरनं बाटली बंद केली, ताप बघितला, इस्पितळाची गाडी मागवली. आकडा तिनं सांगितला नाही. कुणी विचारलाही नाही.

"अगं, तक्ता दे," तपासनीस म्हणाले.

"अहो, गाडी येतेय. गप पडून राहा."

"तक्ता दे. आणि माझं पेन."

बायकोनं दिलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली की कुठं वाद घालायचा नाही ते कळतं.

एकोणतिसावी ओळ. पेन उमटेना. कागदावर नुसता चर पडला, बर्फावर पडावा तसा.

त्यांनी जोर दिला.

काळा ठिपका उमटला.

मग हात सुटला. ९८.६, ७४, ठीक. ९८.४, ७२, ठीक. रोज तोच आकडा लिहितो तो नवशिका. मुरलेला माणूस मध्येच एक ९९ टाकतो. तो त्यांनी एकोणचाळिसाव्या दिवशी टाकला. छत्तिसाव्यावर लिहिलं: पत्नीशी वाद, किरकोळ.

बेचाळिसावी. ठीक.

बंद केलेल्या नळीत एक थेंब आपणहून पडला.

गाडी आली तेव्हा ताप ९८.६ होता. इस्पितळात चौघांनी तपासलं, काही सापडलं नाही, आणि संध्याकाळी घरी सोडलं.

पुढचे चौदा दिवस तपासनीस राजासारखे जगले. छत्तिसाव्या दिवशी ते सकाळपासून वाट बघत बसले होते. साडेचारला बायको ओल्या टॉवेलवरून भांडली, तेव्हा त्यांनी तिला मिठीच मारली. एकोणचाळिसाव्याला ९९ आला, तो त्यांनी दिवसभर पदकासारखा मिरवला. बेचाळिसाव्या दिवशी अहवाल आले. हाड स्वच्छ, पाऊल जागेवर. सिस्टरनं नळी काढली. तपासनीस टाच टेकवून, काठीशिवाय, खोलीभर चालून दाखवत होते आणि बायको डोळे पुसत दांडी सरळ करत होती.

सिस्टर तक्त्यावर शेवटची सही करायला वाकली, आणि थांबली.

"काका, हे खाली तुम्ही लिहिलंत?"

छापील ओळी संपल्या होत्या तिथं, कोऱ्या समासात, उभं, शांत, निळं अक्षर होतं. शाई अजून ओली होती.

"पुढील वेळी कृपया पेन्सिलीने भरावे."