दक्षिणेकडची छत्री

बिसरामच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण ते उत्तराच्या लायकीचं नव्हतं.

सडक अर्जुनीचा हा माणूस उपग्रहांवरच्या माझ्या पुस्तिकेचा एकुलता एक वाचक, आणि त्यालाही ती कळली नव्हती. वहीच्या फाटक्या पानावर त्याने लिहिलं होतं : "जुना उपग्रह बंद झाला तरी आमच्या छत्रीवर टीव्हीत माझी पार्वता दिसते. तिला जाऊन दोन महिने झाले. सुपात तांदूळ निवडते. छत्रीचं तोंड दक्षिणेला, म्हणून आली असेल. पोरगी म्हणते, छत्री नव्या उपग्रहाकडे फिरवू. फिरवू का गुरुजी? तुम्ही सांगाल तसं करीन."

यमाची दिशा म्हणे! आपल्याकडच्या सगळ्याच छत्र्या दक्षिणेला बघतात. असले उपग्रह विषुववृत्ताच्या वर, छत्तीस हजार किलोमीटरवर, पृथ्वीच्याच वेगाने फिरत एका जागी थांबल्यासारखे असतात. पान नऊ. पंधरा वर्षांनी इंधन संपत आलं की त्यांना आणखी वर ढकलून कायमचं बंद करतात. पान एकवीस. चाळीस वर्षं विज्ञान शिकवून मी अडाण्यांना असली पानं दाखवायची?

खरं तर पान एकवीस चुकलं असेल, ही भीती मला होतीच. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं.

वर्षभराने त्याची मुलगी अल्का आमगावला माझ्या दारात उभी राहिली.

"बाबा आषाढात गेले जी. शेवटपर्यंत तुमच्या पत्राची वाट पाहून राहिले होते. काऊन नाही लिहिलं?"

"असल्या गोष्टींना काय लिहायचं?"

"येऊन पाहा मग. पुस्तक लिहाले येते, पाहाले नाही येत?"

ढोंग उघडं पाडायचं म्हणून गेलो.

पडद्यावर अंगण होतं. पार्वताबाई पाटावर बसून तांदूळ निवडत होती. शेजारच्या पाटावर बिसराम, नजर फाटकाकडे.

"पोस्टमनची वेळ झाली का असेच बसतेत," अल्का म्हणाली.

मी वायर तपासली. मग छतावर चढून छत्रीवर ओलं पोतं टाकलं.

"गेलं!" खालून अल्का ओरडली.

पोतं काढलं.

"आलं!"

म्हणजे चित्र वरूनच येत होतं. आणि छत्रीच्या रोखाने वर चालू असं काही उरलेलं नव्हतं.

शिवाय उपग्रह स्वतःचं काहीच दाखवत नाही. जमिनीवरून आलेले संदेश तो पकडतो, त्यांचा जोर वाढवतो आणि परत खाली सोडतो. पान चौदा.

जमिनीवरून कोण पाठवत होतं?

घरी येऊन एकच ओळ लिहिली : "छत्री फिरवू नका. माझं चुकलं." पाकिटावर नाव बिसरामचंच घातलं. मेलेल्याला पत्र लिहिणाऱ्या या म्हाताऱ्याची मला किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनजवळच्या पेटीत पाकीट टाकलं. ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला. पेटी चार वाजता उघडतात.

तेवढ्यात फोन वाजला.

"गुरुजी, बाबा पाकीट फोडून राहिले. तुम्ही टाकलं काय?"

"आत्ताच."

"वाचलं. हसले जी."

फोनमध्ये पावलं वाजली; ती टीव्हीजवळ गेली असावी.

"आता तिसरा पाट मांडून राहिले."